लोखंडासकट वजन

यवतमाळला निघताना माझ्या पिशवीत चार साड्या, एक शाल, गोळ्यांची डबी आणि एक किलोचं लोखंडी माप होतं. माप किराणा दुकानातलंच, पण सरकारी शिक्क्याचं. मुलगी म्हणाली, "आई, लोक प्रवासाला लाडू नेतात." नवऱ्यानं पिशवी उचलून पाहिली आणि परत खाली ठेवली. त्याला सवय आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे मापाचा उलगडा होईल. पुण्यातली एक लहान संस्था गरीब वस्त्यांमधल्या गरोदर बायका आणि नवजात बाळांचा अभ्यास करते. बाई काय खाते, कितव्या महिन्यापर्यंत शेतात राबते, बाळ किती वजनाचं जन्मतं, पुढे कसं वाढतं. गावोगावच्या आशाताई वजनं घेऊन पाठवतात आणि मी त्या आकड्यांतल्या चुका शोधते. मी डॉक्टर नाही. आकडा खरा की खोटा एवढंच मला कळतं. घरी मला चिडवायला 'दशांशचिन्ह' म्हणतात.

यंदा झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडाचे आकडे मला खटकले. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची जंगलालगतची छोटी वस्ती. तिथली बाळं आसपासच्या सगळ्या पोडांपेक्षा वजनदार होती. ऑफिसात आनंद झाला. तिथं काय चांगलं चाललंय ते शिकू या, असं साहेब म्हणाले. मला आनंद होईना. तिथल्या बायका शेजारणींइतक्याच हडकुळ्या, खाणं तेच, कापूस वेचणं तेच, मग बाळं तेवढी भारी कशी? एक तर काटा बिघडला होता, नाहीतर आशाताई घरी बसून आकडे लिहीत होती. खरं सांगायचं तर माझी शंका आशाताईवरच होती. पडताळणीला मी डिसेंबरात निघाले.

नावं मी बदलली आहेत. पोडाचं नाव मुद्दामच देत नाही.

पांढरकवडा

हायवेवर ट्रकांची रांग, बाजूला कापसाच्या गाड्यांची रांग, आणि दोन्हींवर पसरलेलं पांढरं धुकं. आमच्या साताऱ्याकडची थंडी ओली असते, अंगाला चिकटते. इथली कोरडी, ओठ फाडणारी. बसस्टँडवर आशाताई वंदना मला न्यायला आली होती. चाळिशीच्या आतली, स्कार्फ घट्ट बांधलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"तुमी म्याडम ना? चला, चहा घेऊन घ्या आंधी. पोडावर दुधाचा चहा भेटत नाही."

चहाबरोबर मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. मी सोलत होते तोवर तिचा द्रोण रिकामाही झाला होता. मी पिशवीतून माप काढून तिच्या काट्याला लटकवलं. झोळीत बाळ ठेवून वजन करतात तो हुकाचा काटा. बरोब्बर एक किलो.

"झाली खात्री?" वंदना म्हणाली.

"काटा चांगला आहे."

"मंग मीच खराब ना?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "तुमाले वाटून राह्यलं का मी घरी चुलीजवळ बसून वजन लिवतो."

(इकडे बायकाही 'मी लिहितो, मी जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकलं, तिसऱ्या दिवशी मीही 'येतो' म्हणाले.)

मी खोटं बोलले नाही. "वाटलं होतं," म्हटलं. "म्हणूनच तुझ्याबरोबर येऊन स्वतः मोजणार आहे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.

पोड

डांबरी रस्ता संपला की सागाचं जंगल लागतं. थंडीत सागाची पानं वाळून टाळ्यांसारखी वाजतात. मधे कापसाची शेतं, बायका ओटीला फडकं बांधून वेचणाऱ्या, बांधावरच्या झाडांना झोळ्या. एकेका झोळीत एकेक बाळ. मी मोजायला लागले आणि मग थांबले. त्या मोजण्यासाठी मी आले नव्हते.

पोड स्वच्छ. शेणानं सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती, दारापुढं वाळत घातलेली तूर. आम्ही जिच्याकडं आलो ती मंगला पहिल्या बाळंतपणाला आईकडे आलेली, विशीची. नवरा आदिलाबादकडे कामावर. तिला दवाखान्यातच न्यायचं ठरलं होतं, पण कळा दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी सुरू झाल्या आणि मुलगी घरीच झाली. आजचा तिसरा दिवस. वंदनानं पहिल्या दिवशीच येऊन वजन घेतलं होतं: एक किलो आठशे पन्नास ग्रॅम.

आता हा आकडा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या कामात एक किलो आठशेची रेषा आहे. बाळ रेषेखाली असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, थांबायचं नाही. रेषेच्या वर असेल तर घरी ठेवायचं, ऊब द्यायची, आणि आशाताईनं पुन्हा पुन्हा येऊन बघायचं. ही मुलगी रेषेच्या थोडी वर होती. म्हणून घरी होती.

बाळंतिणीसाठी घरामागे वेगळी खोपी होती. दारात मंगलाची आई, भीमाबाई, उभी राहिली. काटक, कपाळावर गोंदण, हातात विळा.

"पाचवीपर्यंत कोनी शिवत नाही," ती म्हणाली. "वंदना शिवते, ते चालते. हे बाई कोन?"

"पुण्याच्या हायेत, आजी. वजन पाहाले आल्या."

"आपल्या इकडं मानसं नाहीत का वजन पाहाले?"

मी काहीतरी उत्तर द्यायला पिशवी खाली ठेवली, आणि ती दणकन आवाज करत पडली. भीमाबाईनं वाकून आत पाहिलं. किलोचं माप हातात घेतलं, तळहातावर खालीवर केलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"लोखंड घेऊन फिरते," ती वंदनाला म्हणाली. "शहाणी दिसते. येऊ दे."

खोपीत

आत धूर होता आणि धुरामागे ऊब. मंगला भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर जाड लुगड्याचं गुंडाळलेलं गाठोडं, त्यातून लिंबाएवढं तोंड बाहेर. मी दोन मुलं वाढवली आहेत. हे तोंड साडेअठराशेचं नव्हतं.

"पिते का?" मी विचारलं.

"काल पेत होती," मंगला म्हणाली. "आज झोपूनच राहते."

वंदनानं काटा आढ्याच्या लाकडाला टांगला. ती काम नीट करत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. काटा शून्यावर आणला, झोळीचं वजन वेगळं घेतलं. गाठोड्याचं लुगडं तिनं आधीच तशाच दुसऱ्या लुगड्यावरून मोजून ठेवलेलं होतं, तेही वजा करत होती. घरी बसून आकडे लिहिणाऱ्या बाया असं करत नाहीत. मला मनातल्या मनात लाज वाटली, पण लाजत बसायची ती वेळ नव्हती.

गाठोडं झोळीत ठेवलं. झोळी तिरकी झाली.

नवजात बाळ झोळीत मध्यभागी बसतं. ही झोळी एका बाजूला ओढली गेली होती, जिकडे पाय होते तिकडे. पायांना वजन कुठून आलं? मी खालून हात लावला. कडक लागलं.

"हे काय आहे?"

"पास आहे," भीमाबाई म्हणाली. विचारण्यासारखं काय त्यात, असा सूर.

पास म्हणजे वखराचं पातं. तुटलेल्या पासेचा तळहाताएवढा तुकडा लुगड्याच्या घडीत शिवून टाकला होता. वाईट काही येऊ नये म्हणून. पाचवीपर्यंत वरचं लुगडं उघडायचं नाही. आतलं फडकं खालच्या खाली बदलायचं.

मी वंदनाकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मले माहीत होतं लोखंड राहते," ती हळूच म्हणाली. "मले वाटे खिळा असन. आमच्या घरी असलं काही पाळत नाही ताई, म्हणून मी कधी विचारलंच नाही. थंडीत उघडं नोको करू म्हणत होते, मलेबी ते बरोबर वाटलं."

मला हसावं की रडावं कळेना. कारण हे लोखंड मला अनोळखी नव्हतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं माझ्या उशाखाली अडकित्ता ठेवला होता, आणि पाचवीला पाट्यावर विळी मांडली होती. फरक एवढाच की आमचा अडकित्ता उशाखाली राहतो, काट्यावर चढत नाही. मी भीमाबाईला विचारलं, बाकीच्या पोडांत विळा उशाला ठेवतात, मग इथं शिवायचं कशाला?

"उशाले ठेवलं तर उशी घरी राहते," ती म्हणाली. "बाई जाते कापसात. लेकरू झाडाले. मंग लोखंड लेकराजवळ नोको का?"



पण मुलगी आता डोळे उघडत नव्हती. मी गालाला बोट लावलं, गाल गार. "आजी," मी म्हटलं, "लोखंड काढून एकदा वजन करू द्या. लगेच परत ठेवा."

"नाही."

"बाळ लहान असेल तर दवाखान्यात न्यावं लागेल."

"तीन दिसांपासून हेच वजन चांगलं होतं. आता बाई आली तं खराब झालं?" तिचा आवाज चढला. "लोखंडाबिगर एक घडी ठेवनार नाही मी. माझ्या थोरलीचं लेकरू असंच गेलं. उघडं ठेवलं होतं नर्सबाईनं. तुमी जासान पुण्याले. आमी इथंच राहतो."

वंदना समजावू लागली, भीमाबाई आणखी चिडली. दोघी एकदम बोलत होत्या. तेवढ्यात मंगला काट्याकडे बोट करून म्हणाली, "माय, तो काटा कायचा हाये?"

दोघी वळल्या, तशी तीच पुढे म्हणाली,

"लोखंडाचाच ना? हूकबी लोखंडाचा. लेकरू लोखंडालेच लटकून राहीन. सुटलं कुठी?"

भीमाबाईनं काट्याजवळ जाऊन हूक चाचपला. मग कोलामीत मुलीला काहीतरी बोलली. सूर रागाचा, पण हात विळ्याकडे गेला. तिनं स्वतःच टाके कापले.

वंदनानं चुलीत लाकूड सारलं, मी शाल शेकून घेतली. लुगडं उघडलं तेव्हा आत बाळ कमी आणि कापड जास्त होतं. भीमाबाई एका हातानं हूक धरायला गेली, तिला वंदनानं अडवलं: "आजी, हात नोको लावू, तुह्यंच वजन येईन त्यात." कुणीतरी श्वास सोडला. हसणं म्हणता येईल इतपत.

एक किलो सहाशे साठ.

पुन्हा टांगलं. सहाशे साठ. नंतर नुसता तुकडा टांगला: एकशे नव्वद. बेरीज जुळली. आयुष्यात पहिल्यांदा बेरीज जुळल्याचं मला वाईट वाटलं.

कापसाच्या गाडीतून

पोडात फोनला रेंज नाही. वंदना टेकाडावर पळत गेली आणि पळत आली. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या टोकाला गेलेली, यायला फार वेळ लागणार. "खाली तांड्यातले राठोडभाऊ कापूस घेऊन जिनिंगले निघून राह्यले. थांबवले मी त्याइले."

त्या वेळात मी मला येत होतं तेवढं केलं. बाळाला मंगलाच्या उघड्या छातीशी धरलं, अंगाला अंग, वरून शेकलेली शाल, त्यावर लुगडं. डोक्याला माझी कानटोपी. भीमाबाईनं लोखंडाचा तुकडा मंगलाच्या कमरेला बांधला. मी हरकत घेतली नाही. तिथं तो काट्यावर चढत नव्हता आणि बाळाला गारही करत नव्हता.

पण भीमाबाई खोपीच्या दारात आडवी उभीच. "पाचवी नाही झाली."

"आजी," वंदना म्हणाली, "तुमी पन चला. पाचवी जिथं लेकरू तिथं."

राठोडभाऊंची पिकअप कापसानं टम्म फुगलेली. पुढे दोनच जणांची जागा. मंगला आणि मी पुढे, भीमाबाई आणि वंदना मागे कापसावर. राठोडभाऊ बंजारा, भारी मिशांचे, बोलके. पहिल्यांदा म्हणाले, "बाळंतीन बाई हाये, गाडी बाटली म्हनतीन घरचे." मग बाळाचं तोंड पाहिलं आणि स्वतःच दार उघडून दिलं.

रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी माती. गाडी जोरात नेली तर बाळ हादरे, हळू नेली तर वेळ जाई. मी दर थोड्या वेळानं शालीत बोट घालून श्वास बघत होते. नाल्याच्या उतारावर गाडी थांबली. समोर लाकडाची बैलगाडी आडवी. बैल सोडून माणूस कुठं गेला पत्ता नाही. राठोडभाऊ उतरले, एकट्यानं जू खांद्यावर घेऊन गाडी बाजूला ओढली आणि परत येऊन म्हणाले, "बाई, जित्तं हाये ना?"

मंगलानं माझ्याकडे बघितलं. मी बोट घातलं. बोटाला श्वास लागेना.

मी पायाचा तळवा चोळला. काही नाही. जोरात चोळला. मग टिचकी मारली, आणि मुलगी मांजरीसारखी, अगदी बारीक, ओरडली. मंगला रडायला लागली. मागून काचेवर थाप पडली. भीमाबाई विचारत होती, काय झालं? राठोडभाऊ खिडकीतून ओरडले, "रडून राह्यली! चांगलं हाये!" पुढे हायवे लागेपर्यंत ते बाळाशीच बोलत होते: "रड बापा, रड. रडत राह्य. तुह्या रडन्यावर गाडी चालून राह्यली माह्यी."

जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, रांगेतल्या गाड्यांनी त्यांना वाट दिली. ते हॉर्न वाजवत सरळ दवाखान्याच्या दारात शिरले. पोर्चमध्ये कापूस सांडला.

दवाखाना

तिथल्या काट्यावर, काहीही कपडा नसताना: एक किलो सहाशे पंचावन्न. सिस्टरनं बाळ उबेच्या पाळण्यात ठेवलं, नाकातून नळी घातली. अंग गार होतं, साखर कमी झाली होती. "आज आणलं ते बरं केलं," एवढंच म्हणाली.

भीमाबाई काचेबाहेर उभी. तुकडा आत नेऊ देत नव्हते. ती भांडली नाही, मला बोलावून विचारलं, "तो पाळना कायचा हाये?"

"पाय लोखंडाचे आहेत," मी म्हटलं. मी आत जाऊन बघून आले होते, न बघता सांगितलं नसतं.

तिनं मान हलवली.

संध्याकाळी वंदना आणि मी बाकावर बसलो. तिनं डब्यातली भाकरी आणि तुरीच्या सोल्याची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी काढली. भाजी इतकी तिखट की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. ती जेवली नाही.

"पावसाळ्यात त्याच पोडावर एक लेकरू गेलं," ती म्हणाली. "वजन रेषेच्या वर होतं. म्हणून मी दवाखान्याचं बोललो नाही. आता मी मनात लोखंड वजा करून पाहून राह्यलो."

मीही तेच करत होते. तो आकडा मला पाठ होता. तो आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितला नाही.

"चूक तुझी एकटीची नाही," मी शेवटी म्हटलं. "तुझे आकडे पाहून ऑफिसात पेढे वाटायचे बाकी होते. आम्ही कुणी विचारलं नाही की बाळ कशात गुंडाळतात. आमच्या सूचनांमध्ये तो प्रश्नच नाही."

"मंग लिवा आता."

"लिहिते."

निघायच्या दिवशी भीमाबाई काचेजवळच होती. पाचवी तिनं व्हरांड्यातच केली होती, विटेवर हळद-कुंकू वाहून. मला म्हणाली, "किती व्हायले पाह्यजे आता? आकड्यात नोको सांगू."

मी विचार केला. वंदनानं पहिल्या दिवशी लिहिलेला आकडा, तो खोटा आकडा, मुलीनं खरा करून दाखवायला हवा होता. तिच्या पदराला बांधलेला पासेचा तुकडा सोडून मी तिच्या तळहातावर ठेवला. "हे लोखंड न बांधता, हे जेवढं भरतं तेवढी ती आणखी भरली पाहिजे."

तिनं मूठ मिटली.

घरी परतल्यावर

आल्या आल्या सूचनांत एक ओळ घातली: वजनाआधी बाळाचं गाठोडं घरच्यांच्या संमतीनं उघडावं, आत लोखंड असल्यास ते वेगळं मोजावं आणि मग परत द्यावं. 'काढून टाकावं' असं साहेबांनी सुचवलं होतं. मी 'परत द्यावं' ठेवलं. त्या पोडाच्या सगळ्या जुन्या आकड्यांवर आता शेरा आहे: लोखंडासकट.

किलोचं माप स्वयंपाकघरात डब्याशेजारी ठेवलंय. मुलगी विचारते, हे इथं कशाला?

संक्रांतीच्या आधी वंदनाचा फोन आला. टेकाडावरून बोलत होती, वाऱ्यानं अर्धं ऐकू येत नव्हतं. मुलगी पोडावर परत आली होती, पीत होती, रडत होती. मी म्हटलं, आकडा सांग.

"सांगतो. पन आजीनं आंधी हे सांगाले लावलं," वंदना म्हणाली. मागे कुणीतरी ओरडत होतं, ती भीमाबाईच असावी.

"काय?"

"पोरीनं लोखंड भरून काढलं म्हना बाईले."